‘बरहुकूम’ पुस्तकाबद्दल : ब्रेल पुस्तकं मंजूर करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
दृष्टिहीन विद्यार्थ्यांची ब्रेल पाठ्यपुस्तकं आणि ब्रेल प्रश्नपत्रिका ज्यांच्या सहीनं मंजूर होतात, त्या सर्व अधिकाऱ्यांस

विषय : ब्रेल पुस्तकांतल्या मांडणीच्या चुका आणि त्या दुरुस्त न करण्याचा आपला निर्णय

स. न. वि. वि.

मी ठाण्यात, कळव्याला राहते. २२ वर्षं मुद्रितशोधनाचं काम करते. दिवाळी अंक, गाइडं, पतपेढ्यांचे अहवाल, लग्नपत्रिका, जे येईल ते वाचून दुरुस्त करून दिलं आहे. माझी लेक सातवीत आहे. ती सातव्या महिन्यात जन्मली, दीड महिना काचेच्या पेटीत राहिली आणि दृष्टिपटलाच्या आजारात तिची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. ती ठाण्यातल्या एका नेहमीच्या मराठी शाळेत जाते आणि ब्रेल वाचते. मीही ब्रेल शिकले. मला ते बोटांनी जमत नाही, टेबलावरचा दिवा तिरपा करून ठिपक्यांच्या सावल्या पाहत मी वाचते.

या वर्षी शाळा जूनमध्ये सुरू झाली. तिच्या मराठीच्या आणि भूगोलाच्या ब्रेल पुस्तकांचे खंड ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आले. वर्गातल्या बाकी मुलांच्या पुस्तकांना तोवर कव्हरं घालून दोन महिने झाले होते. तरीही आम्हाला आनंदच झाला. खंड आल्याच्या रात्री मी लेकीशेजारी बसून ते वाचायला घेतले आणि पहिल्या दहा पानांतच पेन्सिल हातात घ्यावी लागली. चुका पानांनिशी लिहून मी कळवल्या. पाच आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं : सदर ब्रेल प्रत मूळ छापील पुस्तकाबरहुकूम असून तीत बदल करण्याची आवश्यकता दिसून येत नाही.

हे पत्र त्या ‘बरहुकूम’, म्हणजे ‘जसंच्या तसं’, या शब्दासाठी आहे. कार्यालयाचं नाव मी लिहिलेलं नाही. पुस्तक एका टेबलावर बिघडत नाही. मजकूर देणारे, तो ब्रेलमध्ये उतरवणारे, छापणारे आणि तपासल्याची सही करणारे, सगळ्यांच्या हातून ते गेलेलं असतं. मला कोणा एकाला दोषी ठरवायचं नाही. मला पुस्तक दुरुस्त व्हायला हवं आहे.

माझे वडील नौपाड्यातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचे खिळे, त्यांवर आरशातल्यासारखी उलटी अक्षरं. मी डबा घेऊन गेले की ते मला एखादी ओळ उलटीच वाचायला लावत. लेकीसाठी ब्रेलची पाटी आणली तेव्हा ते सगळं परत हाताशी आलं. पाटीत कागद अडकवून उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, कागद उलटला की उमटलेले ठिपके डावीकडून उजवीकडे वाचायचे. वडील म्हणायचे, खिळ्यांइतकीच खिळ्यांमधली रिकामी जागा महत्त्वाची. तीही शिशाचीच असते आणि तीही जुळवावीच लागते. पानावरची मोकळी जागा, जाड टाइप, रेघ, चौकट या सगळ्यांतून वाचणाऱ्याला काहीतरी सांगितलेलं असतं, हे मी त्या छापखान्यात शिकले आणि त्यावरच आजवर पोट भरलं.

डोळा पानावर पडला की वाचायच्या आधीच त्याला पुष्कळ कळलेलं असतं : वर मथळा आहे, मध्ये चौकट आहे, खाली तक्ता आहे, उजवीकडे चित्र आहे. बोटाखाली एका वेळी एक घर येतं. सहा ठिपक्यांचं एक घर, मग पुढचं. ब्रेलच्या मोठ्या कागदावर एका ओळीत ४० च्या आसपास घरं आणि एका पानावर २५ च्या आसपास ओळी मावतात. ठिपके लहानमोठे करता येत नाहीत, कारण बोटाचं टोक तेवढंच असतं. लाल-निळं नाही, तिरकं अक्षर नाही. म्हणून ब्रेलनं स्वतःची मांडणी घडवलेली आहे आणि चांगले लिप्यंतरकार ती देशोदेशी थोड्याफार फरकानं पाळतात. परिच्छेद तिसऱ्या घरापासून सुरू होतो, त्याच्या पुढच्या ओळी पहिल्या घरापासून. मुख्य मथळा मधोमध, वर-खाली एकेक ओळ मोकळी. उपमथळा पाचव्या घरापासून. यादीतली प्रत्येक बाब पहिल्या घरापासून आणि ती पुढच्या ओळीत गेली तर तिसऱ्या घरापासून; मग डाव्या कडेनं बोट सरळ खाली नेलं की नवीन बाब कुठे सुरू होते ते लगेच सापडतं. ठळक किंवा अधोरेखित शब्दाच्या आधी तशी खूण. छापील पानावर डोळा एका नजरेत जे उचलतो, ते बोटाला असं ठरलेल्या जागी ठेवून द्यावं लागतं.

आता पुस्तकाकडे येते.

मराठीच्या पहिल्या खंडात एक स्वाध्याय आहे : खालील वाक्यांतील अधोरेखित शब्दांची जात ओळखा. खाली आठ वाक्यं आहेत. छापील पुस्तकात प्रत्येक वाक्यात एका शब्दाखाली रेघ आहे. ब्रेल पुस्तकात आठ वाक्यं आहेत आणि खूण एकाही शब्दाला नाही. त्या रात्री साडेनऊला लेक तो स्वाध्याय घेऊन बसली होती. तिनं प्रत्येक वाक्य तीन-तीनदा वाचलं. खूण आहे, पण आपल्यालाच ती लागत नाही, असं तिला वाटत होतं. तिनं हात धुऊन, पुसून पुन्हा वाचलं. मग मला विचारलं, ‘‘आई, माझं बोट बधिर झालंय का गं?’’ मी दिवा तिरपा केला, आठही वाक्यं पाहिली आणि तिला सांगितलं की रेघ पुस्तकातच नाही. ती म्हणाली, ‘‘पण पुस्तक कसं चुकेल?’’

साहेब, बाई, एवढ्या एका प्रश्नासाठी तरी ते पान तुम्ही स्वतः काढून बघा. बारा वर्षांच्या मुलीनं पुस्तकावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या बोटावर संशय घेतला. नाम, सर्वनाम, विशेषण हे सगळं तिला येतं. शब्द कुठला, एवढंच कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट पानांच्या क्रमांकांची. तुम्हाला ती किरकोळ वाटली असेल, पण तिचा त्रास लेकीला रोज, प्रत्येक तासाला होतो. एका छापील पानाची ब्रेलमध्ये साधारण अडीच-तीन पानं होतात आणि एका पुस्तकाचे अनेक खंड. बाई वर्गात म्हणतात, पान ४७ उघडा. चाळीस-पंचेचाळीस मुलं पान ४७ उघडतात. लेकीच्या पुस्तकात ४७ वं पान आहे, पण त्यावर वेगळाच धडा आहे. तिचा मजकूर दुसऱ्या खंडात कुठेतरी आहे. ब्रेल पुस्तकात छापील पान जिथे बदलतं तिथे त्या पानाचा क्रमांक द्यायचा, ही अगदी प्राथमिक रीत आहे. तुमच्या पुस्तकात तो एकाही ठिकाणी नाही. ती धड्याचं नाव शोधत पानं उलटत राहते आणि तिला ते सापडेपर्यंत बाई पुढच्या परिच्छेदावर गेलेल्या असतात. शेजारची मैत्रीण मदत करते, पण मैत्रिणीला ब्रेल वाचता येत नाही. म्हणून आता लेक वर्गात पुस्तक उघडतच नाही, नुसती ऐकत बसते. हे मला तिच्या वर्गशिक्षिकेनं सांगितलं, लेकीनं नाही.

भूगोलाच्या पुस्तकातल्या तक्त्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण ‘बरहुकूम’ म्हणजे काय ते तिथे हाताला लागतं. छापील तक्त्यात पाच रकाने आहेत. ब्रेलमध्येही शेजारी शेजारी पाचच रकाने घातले आहेत. ४० घरांच्या ओळीत पाच रकाने बसवायचे तर मधली मोकळी जागा सोडून एका रकान्याला जेमतेम सात घरं येतात. ‘पर्जन्यमान’ हा एकटा शब्द ब्रेलमध्ये १० घरं घेतो. मग त्याचे दोन तुकडे झाले, गावांच्या नावांचे तुकडे झाले, आणि ते तुकडे एकाखाली एक, शेजारच्या रकान्यातल्या तुकड्यांना खेटून आले. बोट आडवं जातं. त्याला एका गावाचा शेंडा, दुसऱ्या रकान्यातला अर्धा आकडा आणि तिसऱ्यातलं शेपूट असं वाचायला मिळतं. एखादा आकडा सापडला तरी तो कशाचा आहे हे कळायला वर मथळ्यापर्यंत जावं लागतं आणि परत येताना ओळ चुकते. हाच तक्ता उलगडून लिहिता आला असता : आधी गावाचं नाव, खाली तिसऱ्या घरापासून तापमान, त्याखाली पर्जन्यमान, मग पुढचं गाव. सुरुवातीला एका ओळीची टीप, की मूळ तक्ता पाच रकान्यांचा आहे आणि इथे तो यादीसारखा दिला आहे. जागा थोडी जास्त लागली असती, पण मुलीला तक्ता वाचता आला असता. आत्ता तक्त्याची आकृती तिथे आहे आणि माहिती कोणालाच मिळत नाही, मलाही नाही, डोळे असून.

रिकाम्या जागांचं उदाहरण मी माझ्याच वाक्यानं देते. ‘ठाणे खाडीत हिवाळ्यात ______ पक्षी येतात.’ यातली रेघ ब्रेलमध्ये उतरवताना गळली की उरतं, ‘ठाणे खाडीत हिवाळ्यात पक्षी येतात.’ वाक्य पूर्ण आहे, खरंही आहे. भरायचं काय? तुमच्या पुस्तकातल्या एका स्वाध्यायातल्या दहापैकी सात जागा अशा गळलेल्या आहेत. ‘जोड्या लावा’मध्ये अ गट आणि ब गट एकाच ओळीत इतके जवळ आले आहेत की जोड्या आधीच लावून दिल्यासारख्या वाचल्या जातात, आणि त्या सगळ्या चुकीच्या. कवितेच्या ओळी एकापुढे एक जोडून परिच्छेद झाला आहे. ओवी साडेतीन चरणांची असते हे लेकीला पाठ आहे, पण शेवटचा चरण आखूड असतो हे तिच्या बोटाला कधी लागलेलं नाही. ‘निळ्या चौकटीतील मजकूर वाचा’ ही सूचना आहे, चौकट नाही. ‘चित्र पाहा आणि पाच वाक्ये लिहा’ आहे, चित्र नाही आणि चित्र गाळल्याची टीपही नाही. पानाच्या तळाशी असलेली चांदण्यांची नक्षी मात्र दर वेळी ठिपक्यांची एक अख्खी ओळ होऊन आलेली आहे आणि प्रत्येक वेळी लेक ती ओळ शब्द समजून वाचायला जाते.

शिवाय काही पानांवर ‘दिवस’ हा शब्द ‘इदवस’ आणि ‘किरण’ हा ‘इकरण’ असा आला आहे. हे कसं झालं ते मी माझ्या कामामुळे सांगू शकते. मराठी छपाईत अजूनही पुष्कळ ठिकाणी युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत, नसलेले जुने फाँट वापरतात. त्यांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, कारण कागदावर ती आधी दिसते. तो मजकूर युनिकोडमध्ये नीट न बदलता ब्रेलसाठी दिला की वेलांटी आधीच राहते. एकदा कोणी वाचलं असतं तरी हे सापडलं असतं. त्यावरून मला कळलं की मंजुरीआधी हे पुस्तक कोणीही वाचलेलं नाही.

आणि मराठीत तर ‘बरहुकूम’ म्हणणंच मुळात चुकीचं आहे, कारण भारती ब्रेल देवनागरीची नक्कल करत नाही. १९५१ पासून आपल्याकडे ही लिपी आहे. ती उच्चारानं चालते. ‘कि’ लिहिताना आधी क येतो, मग इ. काना, मात्रा, वेलांटी असे आकारच नाहीत. अक्षरानंतर पूर्ण स्वर येतो. ‘मऊ’ लिहायचं तर म, मग अ, मग ऊ असं टोचावं लागतं. मधला अ राहिला तर ते ‘मू’ होतं. तुमच्या पुस्तकात शिवणकामाच्या एका पाठात कापड दोनदा ‘मू’ झालेलं आहे. जोडाक्षरात पाय मोडल्याची खूण आधी येते आणि मग दोन्ही व्यंजनं सुटी, आपापल्या पूर्ण रूपात. ‘सूर्य’मधला माथ्यावरचा र, ‘चंद्र’मधला पोटातला र, ‘राष्ट्र’मधला पायथ्याचा र, हे सगळे तिच्या बोटाला एकाच आकाराचे लागतात. मग ‘जोडाक्षरे फोडून लिहा’ या प्रश्नाचं उत्तर तिला प्रश्नातच मिळतं, आणि ‘रफार असलेले शब्द शोधा’ हा प्रश्न तिला कळूच शकत नाही. असे प्रश्न गाळा, असं मी म्हणत नाही. तिच्या वर्गातली मुलं ज्या लिपीत लिहितात ती कशी दिसते हे तिला ठाऊक हवं. रफाराची उठावाची आकृती द्या, तिला तो बोटानं गिरवू द्या. पण त्या जागी तिच्या लिपीला साजेसा, तितक्याच गुणांचा प्रश्नही द्या. त्यासाठी दोन्ही लिप्या जाणणारा माणूस लागतो.

मोकळ्या जागेचंही सांगते. भारती ब्रेलमध्ये अंकाची खूण आणि ण हे अक्षर एकाच ठिपक्यांचं आहे, आणि अंकही अक्षरांच्याच ठिपक्यांनी लिहितात. गोंधळ होत नाही, कारण मराठी शब्द ण नं सुरू होत नाही आणि अंकाआधी जागा सुटलेली असते. ती जागा गेली आणि ‘पान’ला ‘१२’ चिकटलं, की बोटाखाली येतं ‘पानणअब’. लेकीनं हा शब्द माझ्याकडे अर्थ विचारायला आणला होता. मला वडिलांचे शिशाचे तुकडे आठवले.

मला कार्यालयात तोंडी असंही सांगण्यात आलं की आता ऑडिओ पुस्तकं आहेत, मोबाइल वाचून दाखवतो, परीक्षेला लेखनिक मिळतो, मग ब्रेलचा एवढा आग्रह कशाला. लेक मोबाइलवर पुष्कळ ऐकते आणि मला त्याचा आनंदच आहे. पण ‘दिन’ आणि ‘दीन’ ऐकून वेगळे कळत नाहीत. ‘शिर’ म्हणजे डोकं आणि ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी, बोलताना आपण सगळे ते सारखंच बोलतो, मोबाइलमधला आवाजही तसाच बोलतो. बोटाला मात्र इ आणि ई हे दोन वेगळे ठिपके लागतात. ज्या मुलीनं फक्त ऐकलं तिला शुद्धलेखन कधीच येणार नाही, आणि लेखनिक घेतला तर उत्तरपत्रिकेतलं शुद्धलेखन लेखनिकाचं असेल. मी आयुष्यभर इतरांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या आहेत. माझ्या लेकीला स्वतःच्या भाषेतलं शब्दाचं रूप माहीतच नसावं, हे मला मान्य नाही.

डोळसांना दिसतं तेच हुबेहूब बोटाखाली द्यायचं, ही कल्पना जुनी आहे. १८ व्या शतकाच्या शेवटी व्हॅलेंतिन आवी यांनी पॅरिसमध्ये अंध मुलांची शाळा काढली आणि छापील रोमन अक्षरंच उठावानं छापून पुस्तकं तयार केली. त्यांचा हेतू थोर होता. अंध मुलं वाचू शकतात यावर त्यांनी विश्वास ठेवला. पण ती पुस्तकं अवजड होती, एकेक अक्षर चाचपत वाचावं लागे आणि मुलांना त्या अक्षरांत स्वतः लिहिता येत नसे. १८१९ साली दहा वर्षांचा लुई ब्रेल त्या शाळेत आला. त्यानं सहा ठिपक्यांची पद्धत बसवली, १८२९ साली ती प्रसिद्ध केली, आणि शाळेनं ती अधिकृतपणे स्वीकारायला १८५४ साल उजाडलं. तो १८५२ सालीच गेला होता. ठिपके अक्षरांसारखे दिसत नाहीत ही त्या काळी डोळस शिक्षकांची अडचण होती. तुमच्या उत्तरातलं ‘बरहुकूम’ वाचलं तेव्हा मला ती शाळा आठवली, म्हणून हे लिहिलं.

कायद्याचं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम १६ दृष्टिहीन मुलांना त्यांना योग्य अशा भाषेत, पद्धतीनं आणि साधनांनी शिक्षण द्यायला सांगतं, आणि कलम १७ लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना १८ वर्षांपर्यंत पुस्तकं विनामूल्य द्यायला सांगतं. स्वाध्याय सोडवता न येणारं पुस्तक दिलं, तर पुस्तक दिलं असं म्हणता येईल का, एवढंच मला विचारायचं आहे.

आम्ही पाच-सहा पालक महिन्यातून एकदा तलावपाळीच्या कट्ट्यावर भेटतो. कोपरखैरणेचे आहेत, नेरूळचे आहेत, डोंबिवलीहून एक आजोबा नातवाला घेऊन येतात. सगळ्यांच्या पिशवीत असेच खंड आहेत आणि सगळ्यांच्या घरी रात्री हीच दुरुस्ती चालते. नेरूळच्या मुलाच्या आईला ब्रेल येत नाही. तिच्या मुलाच्या रिकाम्या जागा रिकाम्याच राहतात. त्याची यंदा दहावी आहे.

मागण्या अशा आहेत.

ब्रेल पुस्तक छापील पुस्तकाबरहुकूम असावं ही अट काढून टाका. त्याऐवजी मराठी ब्रेलच्या मांडणीचे नियम लिहून काढा : मथळा, यादी, तक्ता, कविता, रिकामी जागा, अधोरेखन, चित्राची टीप, पानाचा क्रमांक. ते ब्रेल वाचणाऱ्या शिक्षकांसोबत बसून लिहा, जाहीर करा आणि पुस्तक छापून देणाऱ्यांच्या करारात घाला.

एकही खंड बोटांनी वाचल्याशिवाय मंजूर करू नका. जुन्या छापखान्यांत प्रूफ जोडीनं वाचत, एक जण मोठ्यानं वाचे आणि दुसरा पडताळे. इथेही तसंच करता येईल : ब्रेल वाचणारी व्यक्ती वाचेल, डोळस व्यक्ती छापील प्रत पडताळेल. मुंबई, ठाणे, नवी मुंबई या पट्ट्यात उत्तम ब्रेल वाचणारे पदवीधर कामाच्या शोधात आहेत. आमच्या लेकीला ब्रेल शिकवणारे सर त्यांतलेच एक. त्यांना या कामाचे रीतसर पैसे द्या आणि मुद्रितशोधक म्हणून त्यांचं नाव पुस्तकावर छापा. ब्रेलमध्ये रूपांतर करणाऱ्या संगणक प्रणाली आज मोफतही मिळतात, लिबलुई त्यांतलीच, आणि तिच्यात मराठीची सोय आहे. पण कुठली रेघ अर्थाची आणि कुठली नक्षीची हे प्रणालीला कळत नाही. खर्च करायचा तो माणसाच्या तासांवर करा.

छापील पुस्तकाचा मजकूर अंतिम होताच त्याची युनिकोड फाइल ब्रेलच्या कामासाठी द्या. छपाई संपेपर्यंत थांबू नका. ब्रेल खंड बाकी पुस्तकांबरोबर, शाळा उघडायच्या दिवशी, मुलांच्या हातात असायला हवेत.

यंदाची पुस्तकं परत घेऊन नव्यानं छापायला वेळ लागेल, हे मला कळतं. पण दोन गोष्टींना वेळ लागणार नाही. एक, छापील पान कितवं आणि ते ब्रेलच्या कुठल्या खंडात, कुठल्या पानावर, याचा तक्ता. दोन, शुद्धिपत्र. मराठीचं मी तयार केलं आहे, भूगोलाचं अर्धं झालं आहे. ते वापरा, माझं नाव घालू नका, पैसेही नकोत.

आणि प्रश्नपत्रिका. सहामाही परीक्षा ऑक्टोबरमध्ये आहे. ब्रेल प्रश्नपत्रिकेत अधोरेखित शब्दाला खूण नसेल, तर तो प्रश्न मुलांच्या गुणांतून वजा होतो आणि कारण कुठेच नोंदलं जात नाही. गुप्तता पाळूनही एका ब्रेल वाचणाऱ्या व्यक्तीकडून प्रश्नपत्रिका तपासून घेता येते. दहावीच्या मुलांच्या बाबतीत तर हे आजपासून व्हायला हवं.

पत्रासोबत मराठीच्या पहिल्या खंडातल्या चुकांची यादी जोडली आहे. तिच्या दोन प्रती आहेत. छापील प्रत माझी आहे. ब्रेल प्रत लेकीनं चार रविवार बसून पाटीवर टोचली आहे, तीमध्ये प्रत्येक चुकीपुढे छापील पानाचा क्रमांक आहे.

तुम्ही उत्तर द्याल तेव्हा त्याची एक प्रत ब्रेलमध्ये पाठवा. ती तिला स्वतः वाचायची आहे.

आपली विश्वासू,
एक मुद्रितशोधक, सातवीतल्या मुलीची आई
कळवा, ठाणे